फायनलाइझ न केलेल्या डिस्कमध्ये काय असते

डिस्क फायनलाइझ केली की तिला कुलूप लागते आणि मग तिच्यात काही भरता येत नाही, एवढीच माहिती बहुतेकांना संगणकाच्या दुकानातून मिळालेली असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. आणि त्या अपुरेपणामुळे लग्नाच्या, मुंजीच्या, मैफलींच्या किती तरी डिस्क ‘रिकाम्या’ ठरून रद्दीत गेल्या आहेत. नागपुरात माझ्या ओळखीच्या लोकांना माझ्याकडचा जुना डीव्हीडी रायटर अजून चालू असल्याचे ठाऊक आहे, त्यामुळे ते आपापल्या डिस्क घेऊन येतात आणि त्यांचे म्हणणे जवळपास सारखेच असते : ‘भाऊ, ही कोरी दाखवून राहिली, पण आम्ही तर हिच्यात भरलं होतं.’ अशा बऱ्याच डिस्कमध्ये मजकूर जागच्या जागी असतो. नसते ती डिस्कच्या आतल्या कडेजवळची एक नोंद, आणि ती नोंद लिहिणे म्हणजेच डिस्क बंद करणे. कुलूप हा त्या नोंदीचा दुय्यम परिणाम आहे.

ही नोंद समजून घ्यायची तर आधी कोऱ्या सीडीकडे पाहावे लागते, कारण कोरी सीडी पूर्णपणे कोरी नसते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी गाण्यांच्या सीडीचे मानक १९८० साली ‘रेड बुक’ या नावाने ठरवले आणि एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरचे मानक १९९० साली ‘ऑरेंज बुक’मध्ये आले. या दुसऱ्या मानकानुसार १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर कारखान्यातच एक सर्पिल खाच उमटवलेली असते. तिच्या शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटरचे अंतर असते आणि ती सरळ उलगडली तर पाच किलोमीटरहून अधिक लांब भरेल. ही खाच सरळ रेषेत न जाता अत्यंत सूक्ष्म प्रमाणात डावी-उजवीकडे हेलकावे घेत जाते. डिस्क मूळ वेगाने फिरत असताना या हेलकाव्यांची वारंवारता २२.०५ किलोहर्ट्झ असते, आणि तिच्यात केलेल्या किंचित फेरफारांतून रायटरला आपण नेमक्या कोणत्या मिनिटाच्या, कोणत्या सेकंदाच्या जागेवर आहोत हे कळत राहते. उत्पादकाचा संकेतांक, लेसरच्या शक्तीबद्दलची शिफारस आणि मजकूर जास्तीत जास्त कुठवर लिहिता येईल याची मर्यादा हेही त्या हेलकाव्यांतच नोंदलेले असते. फक्त वाचणाऱ्या जुन्या सीडी-रॉम ड्राइव्हला किंवा घरच्या प्लेअरला मात्र ही भाषा येत नाही. ते खाचेचे हेलकावे वाचत नाहीत; खाचेत लिहिलेले तेवढेच वाचतात. पुढचा सगळा घोळ या फरकातून निर्माण होतो.

खाचेवर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो, त्याच्यावर चांदीचा किंवा महागड्या डिस्कमध्ये सोन्याचा परावर्तक थर, आणि त्याच्यावर लाखेसारखे संरक्षक आवरण. रंगद्रव्ये प्रामुख्याने तीन प्रकारची : सायनिन, थॅलोसायनिन आणि अझो. डिस्कची पाठ निळी, हिरवट किंवा सोनेरी दिसते ती रंगद्रव्य आणि परावर्तक धातू यांच्या जोडीमुळे. लिहिताना ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वाचनाच्या वेळेपेक्षा कित्येक पट शक्तीने त्या थरावर पडतो, तेवढ्या जागेतले रंगद्रव्य उष्णतेने विघटित होते, लगतचे प्लास्टिकही थोडे विकृत होते, आणि तेथून परतणारा प्रकाश कमी होतो. या खुणांची लांबी सुमारे ०.८ पासून ३.१ मायक्रोमीटरपर्यंत असते. वाचणारा ड्राइव्ह खूण आहे की नाही एवढेच पाहत नाही. खूण कोठे सुरू झाली आणि कोठे संपली, त्या कडा तो मोजतो. म्हणून लिहिताना लेसरची शक्ती थोडी कमी-जास्त झाली तरी खुणेची लांबी बदलते आणि चुका वाढतात. हे टाळण्यासाठी लेखनापूर्वी रायटर डिस्कच्या अगदी आतल्या भागात, खास चाचणीसाठी राखलेल्या पट्ट्यात, निरनिराळ्या शक्तीने थोडेसे लिहून पाहतो आणि योग्य शक्ती निवडतो. या पट्ट्यात १०० चाचण्यांची जागा असते.

चाचणीच्या पट्ट्याला लागून आणखी एक छोटा पट्टा असतो, त्याला पीएमए म्हणतात. कोणता ट्रॅक कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, याच्या तात्पुरत्या नोंदी रायटर तेथे ठेवतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला लीड-इन, मग प्रत्यक्ष मजकूर, आणि मजकुराच्या शेवटी, तो संपल्याचे सांगणारे लीड-आउट, असा आतून बाहेर क्रम असतो. लीड-इनमध्ये अनुक्रमणिका असते : ट्रॅक किती, प्रत्येक ट्रॅक कोणत्या क्षणी सुरू होतो, मजकूर कोठे संपतो. कोणताही प्लेअर डिस्क आत घेतल्यावर सर्वप्रथम येथे जातो, आणि येथे काही सापडले नाही तर पुढे शोधण्याच्या भानगडीत न पडता ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा होतो.

आता अडचण अशी की मजकूर थोडाथोडा करून भरायचा असेल तर अनुक्रमणिका आधी लिहिता येत नाही, कारण शेवटी काय काय येणार हे ठाऊक नसते, आणि एकदा जळालेली जागा सीडी-आरवर पुन्हा लिहिता येत नाही. छापखान्यात पुस्तकाची पाने छापून होईपर्यंत सुरुवातीची चार पाने अनुक्रमणिकेसाठी मोकळी ठेवतात, तसेच रायटर लीड-इनची जागा सोडून देतो, मजकूर पुढून लिहायला घेतो आणि तोवरचा हिशेब पीएमएमध्ये ठेवतो. एका वेळच्या भरणीला सेशन म्हणतात; ‘सेशन क्लोज करा’ असा आदेश मिळाला की तो मजकुराच्या शेवटी लीड-आउट लिहितो, मग मागे येतो आणि मोकळ्या सोडलेल्या जागेत पीएमएमधल्या नोंदींवरून अनुक्रमणिका लिहितो. पडद्यावरचा आकडा १०० टक्क्यांवर जाऊनही ड्राइव्हचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो तो यासाठी. त्या वेळी कंटाळून बटण दाबणारे किंवा संगणक बंद करणारे पुष्कळ असतात, आणि ‘कोऱ्या’ डिस्कांचा एक मोठा वाटा त्यांच्या अधीरपणाचा आहे असे माझे मत झाले आहे.

सेशन बंद होणे आणि डिस्क बंद होणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. सेशन बंद करताना लीड-इनमध्ये ‘पुढील सेशनचा मजकूर अमुक ठिकाणापासून सुरू होऊ शकतो’ असा पत्ता लिहून ठेवला तर डिस्क पुढच्या भरणीसाठी उघडी राहते. तो पत्ता लिहिलाच नाही तर पुढे काही जोडण्याची वाट कायमची बंद होते, आणि हेच फायनलाइझ करणे. म्हणजे जे कुलूप आपण समजतो ते प्रत्यक्षात एका पत्त्याचा अभाव आहे. सेशन बंद केलेली पण डिस्क उघडी ठेवलेली सीडी बहुतेक संगणकांत नीट वाचली जाते. गाण्यांचा साधा प्लेअर मात्र फक्त पहिल्या सेशनची अनुक्रमणिका पाहतो, त्यामुळे दुसऱ्या सेशनमध्ये टाकलेली गाणी त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात.

प्रत्येक सेशनची किंमत जागेत मोजावी लागते. सीडीवर एका सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक आकाराचे तुकडे, असतात आणि माहितीच्या सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये आपल्या उपयोगाचे २,०४८ बाइट बसतात. ८० मिनिटांच्या डिस्कमध्ये ३,६०,००० सेक्टर धरले की ७०० एमबीचा आकडा येतो. पहिल्या सेशनचा मजकूर संपून दुसऱ्याचा सुरू होईपर्यंत मध्ये ११,४०० सेक्टर जातात : ६,७५० लीड-आउटचे, ४,५०० पुढच्या लीड-इनचे आणि १५० अंतराचे. ही सुमारे २२ एमबी जागा झाली. त्यापुढच्या प्रत्येक सेशनला लीड-आउट लहान, म्हणजे २,२५० सेक्टरांचे पुरते, त्यामुळे १३ एमबीच्या आसपास जागा जाते. एकेक पत्र किंवा एकेक छायाचित्र स्वतंत्र सेशनमध्ये टाकणाऱ्याची सीडी पाव भरण्याआधीच का संपते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

सेशन वाढवताना आणखी एक गोष्ट घडते, तिच्यामुळे लोक फार घाबरतात. संगणक शेवटच्या सेशनमधली फाइलींची यादी उघडतो. नवीन सेशन लिहिताना सॉफ्टवेअरने जुन्या यादीतले पत्ते नव्या यादीत उतरवून घेतले असतील तर सगळे एकत्र दिसते. ते उतरवून घेतले नसतील तर जुन्या फाइली नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. त्या तेथेच असतात, आणि आधीचे सेशन निवडू देणारे सॉफ्टवेअर वापरले की पुन्हा दिसतात.

लेखनाच्या दोन प्रमुख पद्धतींमधला भेद येथे नोंदवायला हवा. वर वर्णन केलेली पद्धत ‘ट्रॅक अॅट वन्स’ची : प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर थांबतो, सांध्याच्या जागी काही निरुपयोगी सेक्टर तयार होतात आणि गाण्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडते. ‘डिस्क अॅट वन्स’ पद्धतीत सगळा आराखडा आधीच पक्का असल्यामुळे रायटर लीड-इन आधी लिहितो, मग मजकूर, मग लीड-आउट, आणि लेसर मध्ये कोठेही थांबत नाही. अखंड चालणाऱ्या मैफलीची सीडी करायची असेल किंवा कारखान्यातून प्रती छापून घेण्यासाठी मूळ प्रत पाठवायची असेल तर हीच पद्धत वापरावी लागते, कारण सांध्याचे सेक्टर कारखान्याच्या तपासणीत दुरुस्त न होणाऱ्या चुका म्हणून गणले जातात आणि प्रत परत येऊ शकते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीच्या परिसरात भीमगीतांच्या सीडी विकल्या जायच्या, त्यांपैकी कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये ना रंगद्रव्य असते ना चाचणीचा पट्टा. त्यांचे खड्डे साच्यातून थेट प्लास्टिकवर उमटवलेले असतात, आणि म्हणूनच त्या घरी राइट केलेल्या डिस्कपेक्षा सहसा जास्त टिकतात.

भारनियमनाच्या काळात विदर्भात सीडी राइट करणे हा धाडसाचा उद्योग होता. त्याआधीच्या रायटरांत तर वीज न जाताही घात व्हायचा : संगणकाकडून माहिती येण्यास क्षणभर उशीर झाला आणि ड्राइव्हमधला साठा संपला की लेखन तुटायचे आणि डिस्क वाया जायची. सान्यो कंपनीने २००० साली आणलेल्या बर्न-प्रूफ तंत्राने हा प्रश्न सोडवला. साठा संपत आला की लेसर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि माहिती आल्यावर तेथूनच पुढे जोडून घेतो. वीजच गेली तर मात्र या तंत्राचा उपयोग नाही. अशी तुटलेली डिस्क ट्रॅक अॅट वन्स पद्धतीची असेल तर पूर्ण झालेल्या ट्रॅकांची नोंद पीएमएमध्ये शिल्लक असते आणि नंतर फक्त बंद करण्याचा आदेश देऊन ती पुष्कळदा वाचवता येते. लिनक्सवरील सीडीरेकॉर्ड या राइट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर ‘फिक्स’ नावाचा त्यासाठीच पर्याय आहे. डिस्क अॅट वन्स पद्धतीत अनुक्रमणिका आधीच लिहून झालेली असल्यामुळे, अर्धवट राहिलेली डिस्कही जेथवर लिहिली गेली तेथवर वाचता येण्याची शक्यता असते.

पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. लेसरने त्याचा बिंदू ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम थंड होऊ दिला की तो अस्फटिक आणि निस्तेज होतो. त्यापेक्षा कमी, सुमारे २०० अंशांवर काही काळ ठेवला की पुन्हा स्फटिकरूप होऊन चकाकतो. पहिली क्रिया लिहिण्याची, दुसरी पुसण्याची, आणि हे चक्र साधारण १,००० वेळा चालते. या मिश्रधातूचे परावर्तन १५ ते २५ टक्केच असते, तर छापील सीडीचे ७० टक्क्यांच्या घरात, म्हणून अनेक जुने प्लेअर व्यवस्थित बंद केलेली सीडी-आरडब्ल्यूदेखील ओळखत नाहीत. तो दोष बंद करण्यात नसतो. आणि येथेच कुलपाची कल्पना पूर्णपणे मोडते, कारण फायनलाइझ केलेली सीडी-आरडब्ल्यू सरळ पुसून नव्याने वापरता येते. ‘क्विक इरेज’ केल्यावर पीएमए आणि अनुक्रमणिका एवढेच पुसले जाते, बाकी मजकूर प्रत्यक्ष डिस्कवर तसाच राहतो. फक्त त्याच्याकडे जाण्याचा रस्ता राहत नाही. ज्यांना बँकेची कागदपत्रे खरोखर नष्ट करायची आहेत त्यांनी पूर्ण इरेज करावे, त्याला लागणारा वेळ सत्कारणी लागतो.

डीव्हीडीमध्ये तत्त्व तेच, पण दोन घराण्यांच्या भांडणामुळे तपशील दुप्पट झाले. डॅश चिन्हाची डीव्हीडी-आर डीव्हीडी फोरमची, तर अधिक चिन्हाची डीव्हीडी+आर ही डीव्हीडी+आरडब्ल्यू अलायन्सची. लेसर ६५० नॅनोमीटरचा आणि वेढ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटर. दोन्हींवर ४.७ जीबी छापलेले असते, तरी डीव्हीडी-आरमध्ये ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात आणि डीव्हीडी+आरमध्ये ४,७०,०३,७२,९९२. सुमारे ६९ लाख बाइटांच्या या फरकामुळे एकीवर काठोकाठ बसणारी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, दुसरीवर नाकारली जाते, आणि दुकानदाराला दोष देऊन काही होत नाही. डीव्हीडी-आर अगदी थोडी भरून बंद केली तर प्रत्यक्ष लेखनापेक्षा बंद करण्यालाच जास्त वेळ लागू शकतो, कारण लिहिलेला भाग एका किमान व्यासापर्यंत पोहोचावा म्हणून रायटर उरलेली जागा भरत जातो. नीरो या राइट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘किमान १ जीबी लिहिले जाईल’ अशी सूचना देणारा जो पर्याय असे, त्यामागचा विचारही जुन्या प्लेअरांना सांभाळून घेण्याचाच होता.

डीव्हीडी-आरडब्ल्यू क्विक इरेज केली तर पुढच्या वेळी ती एका दमातच लिहावी लागते, थोडी थोडी भरता येत नाही. हे ठाऊक नसलेले लोक डिस्क खराब निघाली असे समजतात. याउलट डीव्हीडी+आरडब्ल्यू पुसावीच लागत नाही, जुन्यावर नवे सरळ लिहिले जाते, आणि वाचनासाठी तिला निराळे फायनलाइझ करण्याची सहसा गरज पडत नाही. घरगुती वापरासाठी मला तीच सर्वांत समंजस डिस्क वाटते.

विंडोज ७ कोरी डिस्क घातल्यावर जो प्रश्न विचारते तो इथवरच्या विवेचनानंतर सोपा होतो. ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे’ हा पर्याय निवडला तर यूडीएफ या फाइली मांडण्याच्या पद्धतीने एकेक फाइल लगेच लिहिली जाते आणि डिस्क बाहेर काढताना सेशन बंद होते. ‘सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरसाठी’ हा पर्याय निवडला तर फाइली आधी संगणकातच गोळा होतात आणि नंतर एकदम राइट होतात. पहिल्या पर्यायात एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरची फाइल डिलीट केली तर ती फक्त यादीतून जाते, जागा परत मिळत नाही. टीव्हीखालच्या प्लेअरला किंवा गाडीतल्या स्टीरिओला द्यायची डिस्क दुसऱ्या पर्यायानेच करावी.

आता हाती आलेल्या ‘कोऱ्या’ डिस्कचे काय करायचे ते सांगतो. ती फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालण्यात अर्थ नाही. लिहिणारा ड्राइव्ह हवा, कारण पीएमए किंवा डीव्हीडीतली तिच्यासारखी नोंद तोच वाचू शकतो. के थ्री बी किंवा इमेजबर्नसारखे सॉफ्टवेअर अशा डिस्कची अवस्था दाखवते. डिस्क रिकामी आहे, अपूर्ण आहे की पूर्ण, या तीनपैकी ‘अपूर्ण’ असे उत्तर आले तर आशा आहे. लगेच बंद करण्याचा आदेश देऊ नये. आधी आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने जे वाचता येते ते संगणकात उतरवून घ्यावे आणि मगच बंद करण्याचा प्रयत्न करावा, कारण जुन्या डिस्कवर नव्याने लिहिताना काहीही बिघडू शकते. आठ सेंटिमीटरच्या, १.४ जीबीच्या छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणारे कॅमेरे एके काळी लग्नसराईत बरेच दिसत. त्यांच्या डिस्क त्याच कॅमेऱ्यात फायनलाइझ केल्या नसतील तर पहिला उपाय तोच कॅमेरा, किंवा त्याच मॉडेलचा दुसरा, मिळवण्याचा.

नागपूरचा उन्हाळा रंगद्रव्याच्या थराचा शत्रू आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा बंद गाडीत ठेवलेली किंवा खिडकीतल्या उन्हात पडलेली डिस्क पुढच्या वर्षी वाचली जाईलच असे नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर कूलरच्या दमट हवेजवळ रचलेले गठ्ठेही तसेच. सीडीचा परावर्तक थर छापील बाजूच्या लाखेखाली लगेच असतो, त्यामुळे बॉलपेनने नाव लिहिण्याने होणारे नुकसान खालच्या चरऱ्यांपेक्षा गंभीर असते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये दबलेला असल्याने ती भीती कमी. मऊ टोकाच्या मार्करने तारखेसोबत ती बंद आहे की उघडी हेही लिहून ठेवावे, आणि राइट केल्यानंतरची पडताळणी जिच्यात लिहिले त्या ड्राइव्हवर न करता शेजारच्या घरातल्या एखाद्या जुन्या प्लेअरमध्ये करावी, कारण लिहिणारा ड्राइव्ह बंद न केलेली डिस्कही निमूटपणे वाचून दाखवतो.